आमची वाटचाल : रश्श्याची पाकिटं आणि उद्यमनगरचे मिस्त्री

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. मटण शिजवायचं, गार करायचं, पाकिटात बंद करायचं, गोठवायचं आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला धाडायचं. यातलं पहिलं काम सासूबाईंच्या हातचं, शेवटचं ट्रॅव्हल्सवाल्यांचं. मधली तीन आम्हाला शिकावी लागली, आणि त्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पाकीट बंद करण्याने. पाकिटातली हवा काढून तोंड चिकटवणारं व्हॅक्यूम मशीन कुठलं घेतलंत, का घेतलंत, असं घरगुती धंदा करणाऱ्या बायका फोन करून विचारतात. प्रत्येकीला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

सुरुवात २०१८ सालची. कोल्हापूरची पोरं नोकरीला पुण्या-मुंबईत; त्यांना घरच्या चवीचं मटण लोणचं, सुकं आणि तांबडा रस्सा हवा असायचा. आधी नात्यातली, मग त्यांच्या ऑफिसातली, मग कुणाची ओळख ना पाळख अशी माणसं मागू लागली. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी काढली. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी चालायची आणि फी वर्षाला फक्त १०० रुपये, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. अडलं ते पॅकिंगला. लोणचं डब्यात जातं, रस्सा डब्यात सांडतो. आणि डब्यात वर हवा राहिली की गोठवलेल्या मटणाचे वरचे तुकडे कोरडे, पांढुरके पडतात, त्यांची चवही जाते.

पहिलं मशीन बाहेरून हवा ओढणारं होतं, पाकिटाचं तोंड फटीत धरायचं तसलं. कच्चा खिमा, कोरडं सुकं यांच्यासाठी ते ठीक आहे, आजही तेवढंच करणाऱ्याने त्याहून जास्त खर्च करू नये असं माझं मत आहे. फक्त त्याला खडबडीत जाळीच्या पिशव्या लागतात आणि त्या महाग पडतात. रश्श्याला मात्र ते मशीन बिनकामाचं. पाकिटाच्या आत हवा कमी होते, बाहेर तशीच राहते, त्यामुळे पाकीट दाबलं जातं आणि हवेच्या मागोमाग रस्साही तोंडाकडे धावतो. तोंड ओलं झालं की सील बसत नाही. रस्सा आधी गोठवून ठोकळे भरून बघितले. जमतं, पण मग फ्रीझरची अर्धी जागा ठोकळ्यांच्या साच्यांनाच लागते.

चेंबर मशीनमध्ये अख्खं पाकीट पेटीत झोपवतात आणि झाकण लावतात. पंप सगळ्या पेटीतली हवा काढतो, म्हणजे पाकिटाच्या आत आणि बाहेर दाब एकसारखाच उतरतो. रश्श्याला पळायला कारणच राहत नाही. हवा गेली की गरम पट्टी तोंड चिकटवते, थोडं थंड होऊ देते, आणि मग पेटीत हवा परत शिरते. पाकीट मटणाला घट्ट बिलगतं ते या शेवटच्या क्षणी. पिशवी साधी, गुळगुळीत, नायलॉन-पॉलीची चालते, आणि महिन्याचा पिशव्यांचा खर्च बघितला तर मशीनच्या किमतीतला फरक तिथून भरून निघतो.

दरपत्रकं मागवली. चाळीस हजारांपासून दीड लाखापर्यंत. आणि प्रत्येक विक्रेत्याचं एकच पालुपद : आमचं मशीन शंभर टक्के व्हॅक्यूम देतं, काटा बघा. या काट्याबद्दल थोडं सांगते, कारण इथे पुष्कळ लोक गोंधळतात. मशीनवरचं साधं घड्याळ आतला दाब दाखवत नाही, आत आणि बाहेर यांच्यातला फरक दाखवतं. समुद्रकाठी बाहेरचा दाब पाऱ्याचा ७६० मिलिमीटर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथे हवाच ७१० च्या आसपास भरते. म्हणजे पंप कितीही चांगला असला तरी इथे काटा ७६० ला पोचणारच नाही. पुण्याचंही तेच, उंची जवळपास आपल्याइतकीच. पुण्याच्या एका शोरूममध्ये काटा ७०० च्या जरा पुढे थांबला तेव्हा विकणाऱ्या मुलाने "मॅडम, गेज जरा जुना झालाय" म्हणून घाईघाईने विषय बदलला. गेज बिचारा बरोबर होता.

काट्यापेक्षा खरी परीक्षा पाण्याची. दाब उतरला की पाणी कमी तापमानाला उकळतं. मिलिबार हे दाबाचंच दुसरं माप; ३० अंशांचं पाणी ४२ मिलिबारला उकळतं, २० अंशांचं साधारण २३ ला, आणि ७ अंशांचं जेमतेम १० ला. म्हणून आम्ही शोरूममध्ये जाताना बर्फाच्या डब्यातून गार पाणी आणि स्वयंपाकातला थर्मामीटर घेऊन गेलो. स्टीलचा पेला पेटीत ठेवायचा, झाकण लावायचं. साध्या नळाच्या पाण्याला उकळी कुठलंही मशीन आणतं, त्याने काही कळत नाही. ७ अंशांच्या पाण्यात बुडबुडे फुटले तर पंप खरा. एका ठिकाणी दीड लाखाच्या मशीनमध्ये पेला ढिम्म हलला नाही. परीक्षा एकदाच घ्यायची मात्र, कारण ती वाफ पंपातच जाते.

याच पाण्याने आम्हाला झाकणही निवडून दिलं. सोबत आणलेला तांबडा रस्सा एकदा फ्रीजमधला, एकदा कोमट, असा दोन्ही लावून बघितला. गार रस्सा शांत राहिला, शेवटी दोन-चार बुडबुडे आले तेवढेच. कोमट लावला, ४० अंशांच्या आसपासचा. दहा-बारा सेकंद काही नाही. मग कडेने बारीक बुडबुडे, मग तवंग थरथरला, आणि एकदम पाकीट फुगून सगळा कट उसळून सीलपट्टीपर्यंत आला. झाकण पारदर्शक होतं म्हणून वेळेत थांबवता आलं. स्टीलच्या झाकणाची मशीनं दिसायला दणकट, पण रस्सा भरणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसलंच पाहिजे. जाड अॅक्रिलिकला वर्षा-दोन वर्षांत बारीक चिरा पडतात, तेव्हा ते बदलायचं. तो खर्च मान्य.

आता पंप. छोट्या घरगुती चेंबर मशीनमध्ये बिनतेलाचा पिस्टन पंप असतो. देखभाल जवळजवळ नाही, पण सलग काम दिलं की तापतो आणि व्हॅक्यूमही तेवढं खोल जात नाही. आठवड्याला पाच-दहा किलो मटण करणाऱ्या घराला तो पुरे. आम्हाला रविवारच्या आदल्या दोन दिवसांत शेकड्याने पाकिटं काढायची होती, म्हणून तेलाचा रोटरी पंप, ताशी २० घनमीटरचा. ताशी २० घनमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच लिटर. पेटी वीस-पंचवीस लिटरची असेल तर अर्ध्या मिनिटाच्या आत काम होतं. पाकिटं लहान असतील तर पेटीत प्लास्टिकचे जाड पाट घालायचे. जागा भरते, काढायची हवा कमी होते, वेळ वाचतो. सीलपट्टी ४०० मिलिमीटरची, दोन पाकिटं शेजारी शेजारी बसतात.

जर्मन पंपाचं एक मशीन फार आवडलं होतं. आवाज कमी, सगळं डिजिटल, सेटिंग साठवता येणारं. विक्रेता म्हणाला, बिघाड झाला तर इलेक्ट्रॉनिक बोर्ड मुंबईहून येईल, फार तर दहा-पंधरा दिवस. आकाडात दहा-पंधरा दिवस मशीन बंद म्हणजे वर्षाचा नफा गेला. मिस्टरांनी तिथूनच उद्यमनगरातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या छोट्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, आमच्या मिस्त्रींना फोन लावला. ऑइल इंजिनापासून ग्राइंडरपर्यंत सगळं खोललेला माणूस. त्यांनी किंमत विचारली नाही, ब्रँड विचारला नाही. म्हणाले, "वहिनी, फोटो पाठवा मागनं झाकण काढून. खोलता येतंय तेच घ्यायचं बघा. बोर्डातच सगळं असलं की माझ्याबी हातात काय न्हाई."

मग आम्ही तीन मशीनचे मागचे पत्रे काढायला लावले. एकाने नकार दिला, तो तिथेच बाद. शेवटी घेतलं ते साधं चिनी बनावटीचं, बटणं मोजकी, ट्रान्सफॉर्मर वेगळा, कॉन्टॅक्टर (विजेचा आपोआप चालू-बंद होणारा स्विच) बाजारात मिळणारा, पंपाच्या तेलाची काच समोरूनच दिसणारी. साठ-सत्तर किलो वजन, सिंगल फेजवर चालणारं. तेव्हापासून ट्रान्सफॉर्मर एकदा उद्यमनगरात गुंडाळून झालाय, झाकणाची सिलिकॉन रबरपट्टी तिथेच मापात कापून मिळाली, सीलपट्टीवरची टेफ्लॉन टेप तर आता मीच बदलते. मशीन घेताना लोक व्हॅक्यूमचे आकडे विचारतात. मी विचारते, तुमच्या गावात हे कोण उघडणार?

तेल मात्र कुणावर सोपवू नये. पंपातलं तेल मधासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. रश्श्याची वाफ आत जाऊन ते दुधाळ झालं की पंपाला गंज धरायला लागतो. सकाळी काम सुरू करताना पंप थोडा वेळ रिकामा चालवायचा, तापला की आतली ओल बाहेर पडते. संध्याकाळीही तसंच. आमच्याकडे श्रावण लागला की धंदा बसतो; तेव्हा तेल, टेप, रबर, सगळं एकदम बदलून मशीन नवं करून ठेवतो.

हाडांनी फार छळलं. सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाडीची पिशवी खिम्याला, लोणच्याला पुरते. चॉपरने तोडलेल्या नळीचं टोक मात्र सुईसारखं असतं, आणि हवा परत शिरते त्या क्षणी पिशवी त्यावर दाबून बसते. लगेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी पाकीट सैल झालेलं दिसतं. चाप आणि नळीला आम्ही १२० मायक्रॉनची पिशवी वापरतो आणि टोकं आतल्या बाजूला वळवून रचतो. नळी करवतीने कापून देणारा खाटीक मिळाला तर निम्मा त्रास वाचतो. आम्हाला मिळाला, पण तो बुधवारी आणि रविवारी आमच्यासाठी थांबत नाही, गिऱ्हाईक तुटतं.

सील सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण मशीन नव्हे, तवंग. कोल्हापुरी रश्श्याला तवंग नसेल तर खाणार कोण? पण पिशवीच्या तोंडाला तेलाचा हात लागला की पट्टी कितीही तापवा, चिकटत नाही. म्हणून पिशवीचं तोंड चार बोटं बाहेर दुमडायचं, रुंद नळीच्या नरसाळ्याने रस्सा भरायचा, आणि मगच घडी सरळ करायची. ज्या हाताने भरलं त्या हाताने तोंड धरायचं नाही. भरणारी एक, लावणारी दुसरी. सील झाल्यावर पट्टीवर बोट फिरवून बघायचं, सुरकुती लागली तर फाडून परत. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पट्टी कमी तापते, म्हणून स्टॅबिलायझर लावला.

पांढरा रस्सा पाकिटात देत नाही, यावरून गिऱ्हाईक अजून रुसतात. नारळाचं दूध गोठवलं की फुटतं. गरम केल्यावर पाणी वेगळं, चोथा वेगळा. आम्ही अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, देतो, सोबत खसखस-तिळाचं वाटण वेगळ्या छोट्या पाकिटात. नारळाचं दूध तुम्ही घरी ताजं काढून घाला. आळस करणाऱ्यांनी तांबडा मागवावा.

एक गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावी लागते, कारण मशीन विकणारे ती सांगत नाहीत. हवा काढल्याने मटण निर्जंतुक होत नाही. काही जंतूंना तर हवा नसलेलीच आवडते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू शिजवूनही टिकू शकतात, त्याचे काही प्रकार ३ अंशांच्या वर हळूहळू का होईना वाढतात, आणि विष झालेलं वासाने कळेलच असं नाही. म्हणून शिजवलेला रस्सा रुंद परातीत, बर्फाच्या पाण्यात ठेवून, ६० अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आणायचा. मग पाकीट, मग उणे १८ चा फ्रीझर. रस्सा गार पाहिजे हा मशीनचाही हट्ट आणि आरोग्याचाही, त्यामुळे इथे दोघांचं पटतं. लेबलवर मांसाहाराची खूण म्हणून तपकिरी चौकटीतला त्रिकोण, तारीख हे सगळं असतंच, पण सगळ्यात मोठ्या अक्षरात "फ्रीझरमध्येच ठेवा" असतं. तरीही "व्हॅक्यूम आहे ना, ओट्यावर ठेवलं तर काय होतंय" असा फोन येतोच.

उलटी तक्रार कच्च्या मटणाची. पाकिटात ते जांभळट, काळपट दिसतं आणि माणसं शिळं म्हणून परत करायला निघतात. ऑक्सिजन नसल्यामुळे मांसाच्या रंगद्रव्याचा रंग तसा होतो. पाकीट फोडून पंधरा-वीस मिनिटं ताटात ठेवलं की लाली परत येते आणि कोंडलेला वासही जातो. त्यानंतरही वास राहिला तर मात्र टाकून द्यायचं, पैसे आम्ही परत करतो.

२०२१ च्या जुलैत, ऐन आकाडात, पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुण्याची गाडी बंद झाली. फ्रीझर भरलेले, वीज जाऊन-येऊन. जनरेटर भाड्याने आणून माल वाचवला, पण त्यानंतर मोठा साठा करायचा नाही हे ठरलं. भरायचा वेग वाढवायचा आणि माल लगेच हलवायचा. म्हणून आता दोन पेट्यांच्या मशीनचा विचार चाललाय, एका पेटीत हवा निघत असताना दुसरीत पाकिटं मांडता येतात ते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत आम्ही चौकशी केली तेव्हा कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान होतं, स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागत होते; प्रकल्प अहवाल बँकेत दिलाय. बघितलेली बहुतेक मशीनं थ्री-फेजवर चालतात, आणि घराच्या मीटरवर ते कनेक्शन घ्यायचं की शेजारचा गाळा भाड्याने घ्यायचा यावर सासूबाई आणि मिस्टर यांचं अजून एकमत नाही. मिस्त्रींना मशीनचे फोटो गेलेत, मागचे पत्रे काढून.