आभाळ कोरडं, भीमा चढलेली

भीमेत कयाक घालायची म्हटलं की सोलापुरात कुणीही आधी विचारतं, "नदीला पाणी आहे का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्या गावच्या पावसानं ओढे वाहतात. भीमा हलते ती पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्याच्या पावसानं. मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड, सगळ्यांचं पाणी उजनीत येतं. 117 टीएमसीचं ते धरण भरलं की 41 दारांपैकी काही वर उचलतात, आणि ऊन पडलेल्या दुपारी पंढरपूरचा जुना दगडी पूल पाण्याखाली जातो. धरणाखाली नरसिंहपूरला नीरा मिळते, म्हणजे वीर धरणाचं पाणीही त्यात आलंच.

हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. तरी नदीकाठी तंबू ठोकून झोपल्यावर ते जसं कळतं तसं एरवी कळत नाही.

सप्टेंबर संपत आला होता. मी आणि माझा धाकटा भाऊ पंढरपूरजवळच्या गोपाळपूरच्या विष्णुपद मंदिराखालून निघालो. हत्तरसंग-कुडलला सीना जिथं भीमेत मिळते तिथपर्यंत जायचं, मधे काठावर मुक्काम करायचे. दोन फुगवायच्या कयाक, तंबू, आणि शिधा म्हणून कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदे. कडक भाकरीला तोड नाही. ना चूल लागते, ना ती विटते. निघायच्या आदल्या दिवशी उजनीची सगळी दारं बंद होती, फक्त वीजगृहातून 1600 क्युसेक पाणी नदीत येत होतं. सेकंदाला साधारण 45 हजार लिटर. ऐकायला खूप वाटतं, पण भीमेच्या रुंद पात्रात तेवढं पाणी अगदी शांत असतं. वल्हं थांबवलं तर कयाक जेमतेम सरकते.

सुरुवातीचा प्रवास तसाच गेला. बगळे, खंड्या, दोन्हीकडे ऊस, काठावर वेडी बाभूळ, आणि पाण्यात उतरलेले मोटारींचे पाइप. मुंढेवाडीचा बंधारा आला तेव्हा कयाक बाहेर काढून डोक्यावरून पलीकडे नेल्या. पावसाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात, खांबांमधल्या गाळ्यांतून पाणी जोरात सुटतं. तिथून कयाक घालायचा मोह मला कधीच होत नाही. आडव्या कयाकीला खांबावर दाबून धरायला तेवढं पाणी पुरतं.

उचेठाणच्या बंधाऱ्याच्या बरंच अलीकडे, मंगळवेढ्याच्या बाजूला मुक्काम केला. पाण्यालगत छान सपाट गाळवट होती, पण तिथं तंबू लावला नाही. बाभळीच्या फांद्यांत काडीकचरा, प्लॅस्टिक, वाळलेली जलपर्णी अडकलेली दिसत होती. गेल्या पुराचं पाणी कुठवर आलं ते नदी अशी लिहून ठेवते. त्या खुणेच्याही वर, एका शेताच्या बांधाला तंबू ठोकला. कयाक ओढत वर आणल्या, बाभळीला बांधल्या. पाण्याच्या कडेला काठी रोवली.

जेवायला बसलो तेव्हा काठी कोरड्यात होती. हात धुवायला खाली गेले तर ती वीतभर पाण्यात. वर बघितलं, चांदण्या स्वच्छ. वाऱ्याचाही पत्ता नाही. टॉर्च पाण्यावर मारला. जलपर्णीचे पुंजके, जे संध्याकाळी जागच्या जागी होते, ते मधल्या धारेला लागून चालले होते. पाण्याला मातकट वास येत होता. आणि अंधारात कुठंतरी काठाची काळी माती सुटून धप्पकन पडत होती. थांबून थांबून. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

भाऊ रेंज शोधायला बांधावर चढला, आणि तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून बॅटऱ्या येताना दिसल्या. चार-पाच माणसं, दोर, पहारी. पुढच्या म्हाताऱ्या मामांनी आम्हाला बघितलं आणि म्हणाले, "अक्का, वरनं पाणी सोडलंय. तुमचा तंबू वर हाय, ऱ्हाऊ द्या. पर पोरगं मोकळं आसंल तर मोटर वडायला लावा."

आम्ही दोघंही गेलो. मोटार वर काढणं म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. आधी स्टार्टर बंद, मग वायर सोडवायची, पाइपाचा जोड खोलायचा, मग कमरेभर पाण्यात उभं राहून ते धूड दोरानं ओढायचं. पायाखाली काळ्या मातीचा चिखल, एक पाय काढला की दुसरा रुततो. एक मोटार झाली की पुढची. काठाकाठानं लांबवर बॅटऱ्या हलत होत्या, एकमेकांना हाका चालल्या होत्या. मोबाइलवर नंतर मेसेज आला, विसर्ग वाढवला म्हणून. त्याआधीच अख्ख्या काठाला निरोप पोचला होता. मोटार गेली तर उसाला पाणी नाही, आणि नवी मोटार घ्यायची तर कर्ज. म्हणून ही माणसं नदीवर असं लक्ष ठेवून असतात. नदीवर फिरायला येणाऱ्यांनी मोबाइल जरूर बघावा, पण संध्याकाळी वस्तीवर जाऊन "पाणी सुटणार आहे का?" एवढं विचारावंच.

सकाळी गाळवट दिसेनाशी झाली होती. पात्र भरलं होतं, चहाच्या रंगाचं पाणी, त्यात ओंडके. लाटा नव्हत्या, म्हणून भावाला वाटलं जाता येईल. मी नको म्हटलं. कारण पुढचा बंधारा. पाणी वाढलं की बंधारा बुडतो, वरून येणाऱ्याला फक्त एक गुळगुळीत आडवी रेघ दिसते. त्या रेघेखाली पडलेलं पाणी उलटं फिरतं आणि माणसाला पुन्हापुन्हा भिंतीकडेच ओढतं. लाइफ जॅकेट घातलेला पोहणाराही त्यातून सहज सुटत नाही. भावानं ऐकून घेतलं आणि गुमान कयाकीची हवा सोडायला लागला.

मामांच्या ट्रॅक्टरमधून आम्ही माचणूरला गेलो. सिद्धेश्वराच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. शेजारच्या ब्रह्मपुरीला 1695 ते 1699 औरंगजेबाची छावणी होती. 1697 च्या जुलैत भीमेला पूर आला आणि त्या छावणीचं मोठं नुकसान झालं. ही गोष्ट शाळेत असताना वाचली होती. घाटावर उभं राहिल्यावर तंबू, जनावरं, बाजार, इतकी माणसं आणि अंधारात चढणारं पाणी, असं सगळं पहिल्यांदा डोळ्यांपुढं आलं. त्यांनाही आदल्या रात्री मातीचा तो धप्प आवाज ऐकू आला असेल का, असं मनात येत राहिलं.

परवा मामांचा फोन आला. पाणी उतरलंय, मोटारी परत नदीत गेल्यात, पंधरा ऑक्टोबर झाला की बर्गे टाकतील. बर्गे पडले की फुगवट्यामुळं वर पाणी संथ होतं. माचणूर ते कुडल हा राहिलेला टप्पा तेव्हा करायचा ठरलाय. निघायच्या आधी मामांना फोन करणार आहे, आणि या वेळी त्यांच्या नातवालाही एक लाइफ जॅकेट घेतलंय, त्याला यायचंय.