गाडीत टीसी चढला

"गाडीला टीसी कशाला? तिकीट काढून बसताय होय?" बायकोचा पहिला प्रश्न. मोटारसायकलच्या ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे मागचं चाक घसरू लागलं की इंजिनाचा जोर आवरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचं, लघुरूप घरात मोठ्यानं उच्चारलं ही माझी चूक. त्यानंतर आमच्यात त्या डब्याचं नाव टीसीच पडलं, म्हणून इथंही तेच वापरतो.

सुरुवात जानेवारीत झाली. कोल्हापूर-गगनबावडा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना उसाचा हंगाम सांगायला नको. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस. वळणावर चार-सहा कांडकी हमखास घसरतात, त्यावरून मागचा ट्रॅक्टर जातो आणि डांबरावर चिपाडाचा, रसाचा लगदा होतो. वर पहाटेचं दव. कळे गावाच्या पुढं एका डाव्या वळणातून बाहेर पडताना मी दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडला, आणि मागचं चाक जे बाजूला गेलं ते मला आरशात दिसतंय की काय असं वाटलं. पडलो नाही. थ्रॉटल सोडला नाही म्हणून वाचलो असं सांगायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे हात आखडला होता, सोडायचं सुचलंच नाही.

माझी गाडी यामाहा आर-वन, २००९ची. त्या वर्षी या गाडीत क्रॉसप्लेन क्रँक आला. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्यानं फिरणारा दांडा. साध्या चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक स्फोट होतो. यात २७०, १८०, ९०, १८० असा अडखळता ताल. आवाज ऐकून लोक व्ही-फोर, म्हणजे व्ही आकारात बसवलेल्या चार सिलिंडरचं इंजिन समजतात. कल्पना मोटोजीपी शर्यतींतल्या यामाहाच्या एम-वन गाडीवरून आलेली. पिस्टन वरखाली होताना स्वतःच्या वजनानं क्रँकला जे हिसके देतात ते या रचनेत एकमेकांना खाऊन टाकतात, आणि थ्रॉटलच्या मुठीला कळतो तो जवळजवळ निव्वळ स्फोटाचा जोर. म्हणजे मागच्या टायरखाली काय चाललंय ते हाताला स्पष्ट कळावं, हा हेतू. ९९८ सीसी, १८२ पीएस (अश्वशक्ती) आणि ट्रॅक्शन कंट्रोल शून्य. २००८मध्ये डुकाटीच्या १०९८-आरवर ते आलं होतं, २०१० मॉडेलच्या बीएमडब्ल्यू एस-१०००-आरआरमध्येही होतं. आर-वनला मिळायला २०१२ उजाडलं. माझी गाडी तीन वर्षं लवकर जन्मली.

मग २०१२चा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणून बसवायचा, असं आधी डोक्यात आलं. दोन रात्री वायरिंगचे नकाशे बघितल्यावर नाद सोडला. २०१२ची गाडी पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेग मोजून तुलना करते. माझ्या गाडीत पुढच्या चाकाला सेन्सरच नाही, वेग गिअरबॉक्सवरून घेतला जातो. म्हणजे सेन्सर, दातेरी चकत्या, हार्नेस (तारांचा जुडगा), मीटर, सगळंच आलं. त्यापेक्षा गाडी बदललेली स्वस्त.

चाकांची तुलना करणं वाटतं तितकं सरळही नाही. एका मित्रानं त्याच्या सुपरबाईकला १९०/५५ (रुंदी १९० मिमी, उंची तिच्या ५५ टक्के) काढून १९०/५० टायर टाकलं, सेलमध्ये मिळालं म्हणून. तेव्हापासून सरळ रस्त्यावर, मुठीला बोटही न लावता, टीसीचा दिवा लुकलुकायचा. त्याला मी कागदावर हिशोब करून दाखवला. १९०/५५चा व्यास ६४०.८ मिमी, १९०/५०चा ६२१.८. व्यासात १९ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात ६ सेंटीमीटरचा फरक, साधारण ३ टक्के. लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फिरावं लागतं. बिचाऱ्या ईसीयूला वाटायचं की चाक कायमच ३ टक्के घसरतंय. गाडी कलल्यावर तर आणखी गंमत. टायर मधल्या भागावरून कडेवर जातं, तिथला घेर लहान, आणि रुंद मागच्या टायरचा घेर पुढच्याइतकाच कमी होत नाही. म्हणजे चाक तसूभर न घसरता आकडे घसरतात. म्हणूनच गाडी किती कललीय हे समजणं गरजेचं ठरतं, आणि २०१५च्या आर-वनमध्ये सहा अक्षांचं आयएमयू, म्हणजे गाडीचा कल आणि हालचाल मोजणारं सेन्सरचं युनिट, आलं, ते उगीच नाही.

मी घेतला तो डबा या भानगडीत पडतच नाही. तो चाकाकडे बघत नाही. क्रँकच्या सेन्सरची तार ऐकतो, एवढंच. अमुक गिअरमध्ये, टायर रस्त्याला धरून असताना, आरपीएम जास्तीत जास्त किती झपाट्यानं वाढू शकतं याला मर्यादा असते, कारण इंजिनाला पूर्ण गाडी आणि वरचा माणूस ओढायचा असतो. त्याहून झपाट्यानं आरपीएम चढलं म्हणजे इंजिनावरचं ओझं सुटलं, म्हणजे चाक घसरलं. लगेच डबा स्पार्क उशिरा देतो, तेवढ्यानं भागलं नाही तर एखाद-दुसरा गाळतो. कोइमतूरच्या एका रेसरनं गाडी विकली, डबा ठेवून घेतला होता, तो मला मिळाला. सोबत क्विकशिफ्टरचा (क्लच न दाबता गिअर टाकायच्या सोयीचा) सेन्सर आणि हँडलवर लावायचं दहा आकड्यांचं बटण.

बसवायला उद्यमनगरात मामांच्या शेडवर गेलो. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, सगळ्या उद्यमनगराचे मामा. लेथ, मिलिंग आणि अर्धं आयुष्य जुन्या गाड्यांच्या इंजिनात. कुठल्या बेअरिंगचा आवाज येतोय ते ओळखायला लांब स्क्रूड्रायव्हर केसिंगवर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. त्यांना डब्याचं काम समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे ह्यो पण कानानंच चालतोय की."

मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत क्वालिटीत आहे, मोजमापाची खोड जात नाही. पहिला प्रश्न जागेचा होता. या आर-वनचे दोन्ही सायलेन्सर सीटखालून जातात. उन्हाळ्यात गावात अर्धा तास फिरलं की मागं बसणारा स्वतःहून उतरतो. डबा त्याच शेपटीत बसवायचा तर तो शिजणार. आधी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवून फिरून आलो, आकडा बघितला आणि बेत बदलला. मामांनी २ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून कंस केला, टाकीच्या मागच्या टोकाखाली, चारी बाजूंनी हवा खेळेल असा. दीड तास काम, पैसे घ्यायला तयार नाहीत. शेवटी बुलेटच्या पिस्टनचं काहीतरी माझ्या कंपनीत मोजून द्यायचं ठरलं.

वायरिंगला मात्र दोन रविवार गेले. डब्याची हार्नेस ईसीयू आणि कॉइल यांच्यामध्ये शिरते. क्रँक सेन्सरच्या तारेला जोड द्यायचा होता तिथं मी सोल्डर न करता क्रिंप केलं, म्हणजे जोड पक्कडीनं दाबून बसवला. सोल्डरच्या कडेला तार कडक होते आणि कंपनानं नेमकी तिथंच तुटते. कनेक्टरमध्ये ग्रीस भरलं, कारण आमच्याकडचा पाऊस. अर्थिंगची तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणली. फ्रेमवर कुठल्याही बोल्टला लावू नका, रंगावर अर्थिंग मिळत नाही. (हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही.)

पहिली चाचणी स्टँडवरच झाली. मागचं चाक हवेत, दुसरा गिअर, थ्रॉटलला एक फटका. चाकावर ओझंच नाही म्हटल्यावर आरपीएम उसळलं आणि डब्यानं लगेच स्पार्क गाळला. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटलं, आणि असा बार झाला की शेजारच्या शेडमधली माणसं पाने हातात घेऊन बाहेर आली. मामा शांतपणे म्हणाले, "चालतंय."

पावसाळाभर गाडी झाकून ठेवली. पुढच्या फेब्रुवारीत बोलेरो पिकअपमध्ये बांधून चेन्नईला नेली. इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, ३.७ किलोमीटर, १२ वळणं. निघायच्या आदल्या आठवड्यात मी एक शहाणपणा केला होता. ट्रॅकवर गाडी चपळ व्हावी म्हणून चेनचं पुढचं १७ दातांचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) काढून १६चं टाकलं. मागं ४७ तेच ठेवलं.

पहिल्या सत्रात वैताग आला. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना फट्-फट्-फट्, गाडी पुढं जाईचना. टायर मस्त गरम, रस्ता कोरडा, आणि डबा आपला ब्रेक लावल्यासारखा. बटण सहावरून चारवर, चारवरून दोनवर. दुसऱ्या सत्रात बंदच केलं. नऊशे किलोमीटर पिकअपमध्ये बसून येऊन बटण बंद करायचं! जेवणाच्या वेळी डबेवाल्याला मनातल्या मनात काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी लॉजवर लॅपटॉप उघडून बसलो तेव्हा ट्यूब पेटली. १७चे १६ केले म्हणजे गिअरिंग ६ टक्क्यांनी आखूड. चाकावर ६ टक्के जास्त ओढ, म्हणून गाडी तितकी जास्त वेगानं उचलते. शिवाय तेवढ्याच वेगाला इंजिनाचे फेरे ६ टक्के जास्त. दोन्हीचा गुणाकार: आरपीएम चढायची गती साधारण १३ टक्क्यांनी वाढलेली. डब्यातल्या मर्यादा जुन्याच. त्याच्या कानाला माझं साधं थ्रॉटल उघडणंसुद्धा घसरल्यासारखं ऐकू येत होतं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरच्या मर्यादा एकेक करून वर सरकवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण पाचवर ठेवून पहिल्यांदाच मला ती गोष्ट जाणवली, जिच्यासाठी हा खटाटोप केला होता. मेन स्ट्रेटवर येताना गाडी अजून कललेली, मी नेहमीपेक्षा थोडं आधी थ्रॉटल उघडला, मागून कापड फाटल्यासारखा बारीक आवाज आला, शेपूट इंचभर हललं, आणि तेवढंच. हाताला कळायच्या आत डब्याला कळलं होतं. क्रॉसप्लेन, मुठीला येणारी जाणीव वगैरे सगळं खरं आहे, पण माझा हात म्हणजे काही मोटोजीपीवाल्याचा हात नाही.

परत आल्यावर १७चं स्प्रॉकेट पुन्हा टाकलं, जुन्या मर्यादा पुन्हा भरल्या. आणि मार्चमध्ये नवीन दुखणं. पुणे-बंगळुरू हायवेला, कागलच्या अलीकडं, पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करायला थ्रॉटल दिला की फट्-फट्. पाचव्या गिअरमध्ये, कोरड्या सरळ रस्त्यावर! तिथं चाक घसरायला १८२ काय, तेवढेच आणखी घोडे जोडले तरी कमीच. नक्की अर्थिंग सुटलंय, किंवा पाणी गेलंय, किंवा डबा म्हातारा झालाय. सगळे कनेक्टर उघडले, मल्टीमीटर लावला, क्रिंप ओढून बघितले. कुठं काही नाही. टीसी बंद केला की फटफट बंद, म्हणजे दोष डब्यातच, असा माझा निकाल. विकायची जाहिरातही लिहून ठेवली.

मामांना मागं बसवून (सीटबद्दल आधीच माफी मागून) तोच रस्ता पुन्हा गेलो, टीसी बंद ठेवून. दोनदा थ्रॉटल दिल्यावर त्यांनी खांद्यावर थाप मारली, गाडी कडेला घ्यायला लावली.

"इंजिन पळतंय रं, गाडी न्हाई पळत."

"म्हणजे?"

"क्लच खाल्लायस तू."

ट्रॅकवर पहिल्या दिवशी वैतागून स्टार्टच्या सरावाला बसलो होतो ते मी सोयीनं विसरलो होतो. क्लच घसरला की इंजिनावरचं ओझं सुटतं आणि आरपीएम झपकन चढतं. मला ते जाणवण्याइतकं नव्हतं. सहाशे-सातशेची उडी, तीही क्षणभर. डब्यानं मात्र पकडलं. घसरण टायरखाली आहे की क्लचच्या टोपलीत, हे त्याला सांगता येत नाही, कारण तो फक्त क्रँक ऐकतो. काहीतरी घसरतंय एवढं तो सांगत होता, आणि मी त्याच्या अर्थिंगची तार तपासत होतो.

क्लच उघडला तर स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग, आणि घर्षणाच्या प्लेटा माझ्याच व्हर्नियरनं मॅन्युअलच्या मर्यादेखाली भरल्या. नव्या प्लेटा यायला तीन आठवडे, त्यांची किंमत डब्याच्या निम्मी. जोडून झाल्यावर कागलपर्यंत जाऊन आलो. पाचव्यात पूर्ण थ्रॉटल, बटण सहावर, आणि मागून फक्त तो अडखळता ताल.

जाहिरात खोडली. जुन्या स्टीलच्या प्लेटा मामांनी ठेवून घेतल्या, शिमा (फट भरायच्या पातळ चकत्या) कापायला बऱ्या पडतील म्हणाले.