तो काय बोलतोय आणि किती मोठ्याने

मागच्या मे महिन्यात आई पुण्याहून माझ्याकडे, अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीला आली. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "चल, जरा पाय मोकळे करू." आम्ही न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवरून चालत जर्नल स्क्वेअरला गेलो. पाथ ट्रेनच्या स्टेशनबाहेर मोकळी जागा आहे, तिथे शनिवारी एक माणूस हातात माईक घेऊन उभा असतो. शेजारी खांद्याएवढ्या उंचीचा स्पीकर. तो बायबलमधली वचनं वाचतो आणि मग स्वतःचं बोलू लागतो. त्या दिवशी त्याचा विषय मूर्तिपूजा हा होता. दगडाला आणि प्राण्यांच्या तोंडाला नमस्कार करणारे सगळे नरकात जाणार, असं तो ओरडून सांगत होता. एकदा त्याची नजर आईच्या कपाळावरच्या टिकलीवर गेली आणि तिथेच थांबली.

आई तेहतीस वर्षं शाळेत शिकवत होती, तिला इंग्रजी चांगलं कळतं. पण स्पीकर इतका फाटत होता की शब्द सुटे होत नव्हते. "काय म्हणतोय गं तो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, प्रवचन चाललंय." माझे कान मात्र तापले होते.

थोड्या अंतरावर पोलीस उभा होता. मी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, हा माणूस आमच्या धर्माचा अपमान करतोय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "ते बोलण्याचा त्याला हक्क आहे, त्यात मी पडू शकत नाही. आवाज फार मोठा आहे का? असेल तर ते मी बघतो." मी म्हटलं, हो, आहे. तो गेला, त्या माणसाशी दोन वाक्यं बोलला, स्पीकर खाली आला. प्रवचन चालूच राहिलं. उलट आता शब्द स्पष्ट ऐकू यायला लागले आणि आईला सगळं कळलं.

त्या संध्याकाळी मला खूप राग आला होता, पोलिसाचाही. नऊ वर्षं इथे राहूनही हे माझ्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. आपल्याकडे अशा वेळी पहिला प्रश्न असतो, काय बोलला? भारतीय न्याय संहितेचं कलम 299, म्हणजे जुन्या दंडविधानातलं 295अ, हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावण्याला गुन्हा मानतं. आवाजाचा कायदाही आपल्याकडे आहे. 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर भोंगे बंद ठेवायचे आहेत. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका चर्चच्या प्रकरणात सांगितलं की ध्वनिवर्धकावरून किंवा ढोल बडवून प्रार्थना करा असं कोणताही धर्म सांगत नाही. पण प्रत्यक्षात काय होतं ते लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांना मी सांगायला नको. शब्दांवरून तक्रार लगेच नोंदवली जाते, आवाजावरून तक्रार करणारा मात्र वेडा ठरतो. आई विसर्जनाच्या दिवशी खिडक्यांना गाद्या लावून बसते. डीजेच्या भिंती जाताना कपाटातली भांडी वाजतात.

इथे हा क्रम उलटा कसा झाला, ते मी नंतर शोधून वाचलं, आणि त्यातला बराचसा इतिहास आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेला निघाला.

1917 ते 1947 अशी तीस वर्षं फ्रँक हेग नावाचे महापौर जर्सी सिटीवर राज्य करत होते. राज्य हाच शब्द बरोबर आहे. कामगार संघटनांनी शहरात येऊन पत्रकं वाटू नयेत, सभा घेऊ नयेत, यासाठी त्यांनी पोलीस वापरले. सभेला परवानगी हवी आणि दंगा होईल असं अधिकाऱ्याला वाटलं तर ती नाकारता येईल, असा नियम होता. 1938 च्या एप्रिलमध्ये समाजवादी नेते नॉर्मन थॉमस याच जर्नल स्क्वेअरमध्ये बोलायला आले, तर पोलिसांनी त्यांना उचललं आणि फेरीबोटीत बसवून न्यूयॉर्कला परत पाठवलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेग यांच्या विरोधात निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी मांडलं की रस्ते आणि बागा कोणाच्याही नावावर असोत, त्या लोकांनी जमण्यासाठी आणि एकमेकांशी बोलण्यासाठी अनादी काळापासून लोकांच्या वतीने सांभाळलेल्या जागा आहेत. शहराला त्यांचं नियमन करता येईल, पण मर्जीने कोणाचं तोंड बंद करता येणार नाही.

म्हणजे ज्या फरशीवर तो माणूस माझ्या आईला नरकात पाठवत होता, तिथूनच एका माणसाला बोलण्याआधी हाकललं गेलं होतं. हे कळल्यावर माझा राग गेला नाही, पण तो जरा अडखळला.

नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तर आणखी अवघड प्रकरण झालं होतं. कार्ल कुंझ नावाचा बॅप्टिस्ट प्रचारक कोलंबस सर्कलला भाषणं करायचा आणि कॅथलिक व ज्यू लोकांबद्दल अतिशय विषारी बोलायचा. शहराने 1946 मध्ये त्याची परवानगी रद्द केली. 1948 मध्ये तो तरीही बोलला, पकडला गेला, त्याला दहा डॉलर दंड झाला. दहा डॉलरचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1951 मध्ये कुंझ आठ विरुद्ध एक मतांनी जिंकला. कारण शहराच्या नियमात परवानगी कोणत्या कसोटीवर द्यायची हेच लिहिलेलं नव्हतं, सगळं पोलीस आयुक्तांच्या मनावर होतं. विरोधातलं ते एक मत न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचं होतं. काही वर्षांपूर्वीच ते नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता होते. ज्यूंना जाळायला हवं होतं असं रस्त्यावर उभं राहून बोलणं म्हणजे काय, हे त्या न्यायालयात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी तो निकाल वाचताना दोनदा थांबले. आजही मला जॅक्सन यांचं म्हणणं सहज बाजूला ठेवता येत नाही.

याला एक कारण आहे. आईच्या टिकलीवर खिळलेल्या त्या नजरेने मला 1987 आठवलं, जे मी पाहिलेलं नाही पण इथल्या प्रत्येक जुन्या भारतीय कुटुंबात ऐकलंय. त्या उन्हाळ्यात 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याचं पत्र स्थानिक वृत्तपत्रात छापून आलं होतं. भारतीयांना शहरातून घालवण्यासाठी आम्ही कुठल्याही थराला जाऊ, अशी त्यात उघड धमकी होती. 'डॉट' म्हणजे आपली टिकली, कुंकू. सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला टोळक्याने मारहाण केली आणि काही दिवसांत तो गेला. त्या काळी बायका टिकली काढून बाहेर पडायच्या, असं माझ्या इमारतीतल्या एक गुजराती मावशी सांगतात. त्यांनी त्यानंतर कितीतरी वर्षं बाहेर जाताना कुंकू लावलं नाही.

अपमान आणि धमकी यांत इथला कायदा फरक करतो. तुमचे देव खोटे आहेत हे बोलता येतं, तुम्हाला मारू हे बोलता येत नाही. कागदावर ही रेघ स्पष्ट आहे. रस्त्यावर, संध्याकाळी, आईचा हात धरून उभं असताना ती तितकी स्पष्ट वाटत नाही, एवढं मला प्रामाणिकपणे लिहायला हवं.

आता आवाजाकडे येते, कारण पुढचा भाग माझ्या अंगाशी आलेला आहे.

मी इथल्या एका ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते. गणपतीच्या आधी दोन महिने आमचा सराव चालतो, शनिवार-रविवारी, शहराबाहेरच्या एका सभागृहाच्या पार्किंगमध्ये. गेल्या जुलैमध्ये, दुपारी दीड वाजता, स्थिरवादनाच्या मध्येच एक गाडी आली. तिथल्या आरोग्य विभागाचा माणूस होता, आवाज मोजण्याचं प्रशिक्षण घेतलेला. न्यू जर्सीत हे प्रशिक्षण रटगर्स विद्यापीठ देतं. त्याने आम्हाला थांबवलं नाही. उलट वाजवत राहा म्हणाला, आणि मीटर घेऊन पार्किंगच्या कुंपणापलीकडे, तक्रार जिथून आली त्या घराच्या हद्दीवर जाऊन उभा राहिला. मोजणी तिथेच करायची असते, ढोलापाशी नाही. राज्याच्या नियमांप्रमाणे अशा जागेतून निघणारा आवाज शेजारच्या घराच्या हद्दीवर सकाळी सात ते रात्री दहा 65 डेसिबलच्या आत आणि रात्री 50 च्या आत हवा. आमचा 74 निघाला.

तो हे ढोल कशासाठी आहेत, कोणत्या देवाचे आहेत, असं काहीच विचारत नव्हता. मीच सांगायला लागले, हा आमचा धार्मिक उत्सव आहे, शंभरहून अधिक वर्षांची परंपरा आहे. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "छान आहे. पण 74 आहे."

मी चिडून घरी आले. आईला म्हटलं, बघ, आपल्याला इथे कोणी वाजवू देत नाही, ते घर त्या पांढऱ्या कुंपणाचं आहे, त्यांना आपण नकोच आहोत. आईने विचारलं, "आणि चर्चच्या घंटा?" मी शोधलं. धार्मिक विधीच्या वेळी वाजणाऱ्या घंटांना राज्याच्या नियमात सूट आहे. आई म्हणाली, "मग ढोलाला का नाही?"

हा प्रश्न रास्त आहे आणि तो फक्त आमचा नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या कानांना घंटेची सवय होती म्हणून घंटा 'आवाज' ठरली नाही, असं मला वाटतं. मिशिगनमधल्या हॅमट्रॅमिक या लहानशा शहरात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या पोलिश कॅथलिक राहत होते, 2004 मध्ये बांगलादेशी मुस्लिमांच्या मशिदीने अजानसाठी भोंग्याची परवानगी मागितली. शहराने ती दिली, वेळांची मर्यादा घालून. त्यावर मोठं वादळ उठलं, मतदान झालं, आणि नागरिकांनी परवानगीच्या बाजूने कौल दिला. न्यूयॉर्कने 2023 मध्ये शुक्रवारी दुपारच्या आणि रमजानमधल्या संध्याकाळच्या अजानला वेगळ्या परवान्याची गरज नाही असं जाहीर केलं, आवाजाची मर्यादा मात्र पाळायची. आपल्या नवरात्रीचंही असंच झालेलं आहे. न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या गरब्याचा वाद 1990 च्या दशकात संघीय न्यायालयापर्यंत गेला होता. प्रत्येक नव्या समाजाला आपला आवाज इथे पहिल्यांदा ऐकवताना हे सोसावं लागतं.

पण आईने तेवढ्यावर सोडलं नाही. तिची शाळा बाजीराव रस्त्यासारख्याच एका रहदारीच्या रस्त्यावर होती, रस्त्याकडच्या वर्गात शिकवून तिचा घसा कायमचा बसला. मी तिला आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांनी न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या उत्तर टोकाच्या एका शाळेतली मुलं तपासली. इमारतीच्या एका बाजूला उन्नत मार्गावरून सतत रेल्वेगाड्या धडधडत जायच्या. त्या बाजूच्या वर्गांतली मुलं सहावीपर्यंत वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे पडली होती. पुढे रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली, आणि काही वर्षांनी पुन्हा तपासलं तर फरक उरला नव्हता. आईने हे ऐकून डोळे पुसले होते. तेहतीस वर्षं ती मुलांनाच ओरडत होती, लक्ष द्या म्हणून.

ती म्हणाली, "त्या कुंपणापलीकडे कोण राहतं ते तू विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. पुढच्या रविवारी सरावाच्या आधी मी आणि पथकातला एक मुलगा त्या घरी गेलो. आईने करंज्या दिल्या होत्या. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका फिलिपिनो बाईंनी, डोळे सुजलेले. त्या रुग्णालयात नर्स आहेत, शुक्रवार-शनिवार-रविवार रात्रपाळी करतात, सकाळी आठला घरी येऊन झोपतात. दुपारी दीड म्हणजे त्यांची मध्यरात्र. आमच्या गणपतीबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. तुम्ही कुठल्या सणाची तयारी करता हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, हे किती आठवडे चालणार आहे?

मी दारात उभी राहून खूप ओशाळले. जर्नल स्क्वेअरला मला शब्द बोचले होते आणि मी पोलिसाला आवाज मोठा आहे म्हणून सांगितलं. इथे या बाईंना नुसता आवाज बोचत होता आणि मी त्यात आपल्या धर्माचा द्वेष ऐकला.

सराव आता चारला सुरू होतो आणि सातला संपतो. ढोल पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, इमारतीच्या आडोशाला नेले, ताशे आत सभागृहात. 65 च्या आत आलो की नाही, हे आम्ही फोनवरच्या अ‍ॅपने बघतो, ते फार विश्वासाचं नसतं, पण अंदाज येतो.

आईच्या परतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही पुन्हा जर्नल स्क्वेअरवरून गेलो. तो माणूस होता, स्पीकर नव्हता, उघड्या गळ्याने बोलत होता आणि फारसं कोणी थांबत नव्हतं. आईने मोठी टिकली लावली होती, नेहमीपेक्षा मोठी. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि पूर्ण दहा मिनिटं त्याचं ऐकलं, शाळेत मुलांचं पाठांतर ऐकायची तशी, मध्ये एकदाही न बोलता. मग त्याने पुढे केलेलं पत्रक घेतलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, "त्याचा घसा बसलाय. माझ्यासारखाच."