अकरा ओळी जास्त

१९ फेब्रुवारी २०१०, शुक्रवार. फ्लोरिडात सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. गोल्फपटू टायगर वूड्स बोलायला उभा राहिला तेव्हा आमची बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटायला पाऊण तास उरला होता आणि क्रीडा पानावर मी एकटा होतो.

क्रीडा उपसंपादक रात्रभर सामने बघत बसतो असा अनेकांचा समज आहे. माझा बराचसा वेळ ओळी मोजण्यात जायचा आणि उरलेला एजन्सीची इंग्रजी कॉपी मराठीत आणण्यात. त्यातही गोल्फच्या वाट्याला 'संक्षिप्त'मधल्या सहा ओळी. वूड्सने २००८ची यूएस ओपन डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना, नडगीच्या हाडाला चिरा गेलेल्या असताना जिंकली. बरोबरी सोडवण्यासाठीच्या अठरा होलच्या प्ले-ऑफमध्येही बरोबरी झाली, मग आणखी एक होल खेळावं लागलं. त्याची ती चौदावी मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी. आम्ही एक कॉलम दिला होता.

चार कॉलम दिले ते दीड वर्षाने, वेगळ्याच कारणासाठी.

२७ नोव्हेंबर २००९ला कानपूरला भारताने श्रीलंकेला डावाने हरवलं. कसोटीतला तो आपला शंभरावा विजय, त्यामुळे पान भरलेलं होतं. मध्यरात्रीनंतर टायगर वूड्सला अपघात झाल्याची बातमी आली, आधी तर गंभीर जखमी म्हणून. तिथल्या पहाटे अडीचच्या सुमाराला तो घरातून गाडी घेऊन निघाला, आधी रस्त्याकडेच्या आगीच्या नळावर आणि मग शेजाऱ्याच्या झाडावर आदळला. पुढच्या दोन दिवसांत बातमीला पाय फुटले. त्याची बाहेरची भानगड बायकोला कळली होती, तिने गोल्फ स्टिकने त्याला मारलं, तो पळाला म्हणून गाडी आदळली, वगैरे. आधार काय, तर तिकडच्या एका गॉसिप संकेतस्थळाचा हवाला. पोलिसांकडे नोंद होती ती इतकीच, की त्याला बाहेर काढण्यासाठी तिने गोल्फ स्टिकने गाडीची मागची काच फोडल्याचं सांगितलं होतं. पोलिसांनी पुढे कारवाई केली ती निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल, १६४ डॉलर दंडाची. मारहाणीचा गुन्हा कधीच दाखल झाला नाही.

'वाचकाला गोल्फ कळत नाही, नवरा-बायकोचं भांडण कळतं,' असं म्हणून आमच्या रात्रपाळीच्या प्रमुखांनी चार कॉलमांची जागा करून दिली. मथळा मी दिला: 'मैदानावरचा वाघ, घरात शेळी'. मजकुरात 'चर्चा आहे', 'असे समजते' हे सगळं होतं. मथळ्यात त्यातलं काही नव्हतं. शहर डेस्कवरची माणसं उठून माझा स्क्रीन बघायला आली. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत संपादकांनी त्या मथळ्याचं नाव घेऊन कौतुक केलं. मला फार बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

२ डिसेंबरला वूड्सने संकेतस्थळावर निवेदन टाकलं. त्यात एक शब्द होता, 'ट्रान्सग्रेशन्स'. कोशात मिळालं उल्लंघन, अतिक्रमण, मर्यादाभंग. अतिक्रमण म्हटलं की आपल्याला फुटपाथवरच्या टपऱ्या आठवतात. शेवटी 'माझ्या हातून चुका झाल्या' असं छापलं, आणि ते मला तेव्हाही पटलेलं नव्हतं. बाहेर जाणाऱ्या चेंडूला बॅट लावणं ही चूक. त्याने मुद्दाम जो धूसर शब्द निवडला होता, तो आम्ही मराठीत आणखी पातळ केला. त्यानंतर रोज एक नवी बाई आणि तिचा फोटो. ११ डिसेंबरला तो बेमुदत सुट्टीवर गेला. दोन दिवसांनी त्याच्या प्रायोजक कंपन्यांपैकी अ‍ॅक्सेंचरने करार मोडला, मग एटी अँड टी गेली. नायके मात्र राहिली. ही प्रायोजकांची बातमी क्रीडा पानाची की अर्थ पानाची, यावर आमच्याकडे रोज वाद. ज्या कंपन्यांनी एका माणसाचा नीटनेटका, घरंदाज चेहरा इतकी वर्षं विकला, त्यांना तो चेहरा किती खरा आहे याची एकदाही चौकशी करावीशी वाटली नव्हती का, हा प्रश्न दोन्ही पानांवर कुणी लिहिला नाही. मीसुद्धा.

तर ती फेब्रुवारीतली रात्र. पहिलं पान शिवजयंतीच्या मिरवणुकांनी भरलेलं. टीव्हीवर पॉन्टे वेद्रा बीचची निळ्या पडद्याची खोली, समोर आई, मित्र, सहकारी. पत्रकार म्हणाल तर एजन्स्यांचे तिघे, आणि प्रश्न विचारायला बंदी. अमेरिकेतल्या गोल्फ पत्रकारांच्या संघटनेने या अटींवर बहिष्कार टाकला होता आणि तो मला योग्यच वाटला. दिवसही असा निवडलेला, की अ‍ॅरिझोनात त्याच आठवड्यात अ‍ॅक्सेंचरची स्पर्धा चालू होती.

तो साडेतेरा मिनिटं कागदावरून वाचत होता. त्यात तीन वाक्यं पाठोपाठ आली, अगदी छोटी. मी त्यांवर वीस मिनिटं घालवली. 'व्यभिचार' हा कोर्टाचा आणि कीर्तनाचा शब्द, माणूस स्वतःबद्दल बोलताना तो वापरत नाही. 'लफडी' लिहिलं तर बोलणारा तो राहत नाही, आपण कट्ट्यावर बसलेले होतो. 'बेइमानी' हिंदी सिनेमाची. शेवटी लिहिलं: 'मी एकनिष्ठ राहिलो नाही. माझे विवाहबाह्य संबंध होते. मी फसवले.' मथळा केला 'मी प्रतारणा केली'. प्रतारणेत फसवणूक आहे, विश्वास आहे, आणि दोष कुणाचा हेही आहे. तीन शब्द, कुठलीही कोटी नाही. आजही मला तो मथळा बरोबर वाटतो.

पान लावणारा ऑपरेटर म्हणाला, 'सर, अकरा ओळी जास्त होतायत. फोटो अर्धा कॉलम कमी करू?'

फोटो होता वूड्सने आईला मारलेल्या मिठीचा. तीन कॉलम. मी म्हटलं, फोटोला हात लावू नको, खालून काप.

बातमी खालून कापली जाते हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. त्या रात्री शेवटचे दोन परिच्छेद उडाले. त्यातला एक गोल्फमध्ये परत कधी येणार हे सांगता येत नाही, असा होता. दुसरा त्याच्या बायकोबद्दलचा, एलिनबद्दलचा. वूड्सने म्हटलं होतं की तिने अपघाताच्या रात्री किंवा इतर कुठल्याही रात्री मला मारलेलं नाही, आमच्या लग्नात मारहाण कधीच झाली नाही, लोकांनी अशा गोष्टी रचल्या याचा मला राग येतो, आणि तिला दोष नाही, शाबासकी द्यायला हवी. सगळ्या निवेदनात तो खरा चिडलेला दिसला तो तेवढ्याच जागी. मी ते स्वतः भाषांतरित केलं होतं, स्वतः सगळ्यांत खाली ठेवलं होतं, आणि स्वतःच कापायला सांगितलं. पाच सेकंदंही लागली नसतील. आपलाच चार कॉलमी मथळा यात खोटा ठरतोय, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही की आलं होतं, हे मला आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी खुलासा छापू या, असं मी प्रमुखांना म्हणालो. ते म्हणाले, 'अहो, अमेरिकेतली बाई आपल्याला नोटीस पाठवणार आहे का?' आमच्याकडे खुलासा नोटिशीला घाबरून छापतात. चुकीची दुरुस्ती म्हणून छापलेला मी क्वचितच पाहिला. पाचव्या दिवशी सचिनने ग्वाल्हेरला दोनशे केल्या आणि मीही विषय सोडून दिला. ऑगस्टमध्ये त्यांचा घटस्फोट झाला, ती बातमी 'संक्षिप्त'मध्ये गेली.

१४ एप्रिल २०१९. आता पान मी लावत नव्हतो, तपासत होतो. मध्यरात्रीच्या सुमाराला वूड्सने ऑगस्टाच्या मैदानावर पाचव्यांदा मास्टर्स जिंकली, अकरा वर्षांनी मेजर. सगळं डेस्क उभं राहून बघत होतं. मुलाला मारलेली मिठी, तीच जागा जिथे १९९७मध्ये वडिलांनी त्याला जवळ घेतलं होतं. आता कुणाला त्या बायका आठवत नव्हत्या, आणि मलाही आनंद झाला होता. डेस्कवरच्या नव्या मुलाने झपाट्याने एक चौकट केली, 'वाघाचे चढउतार'. माझ्यासमोर प्रूफ आलं. '२००९ : पत्नीचा गोल्फ स्टिकने हल्ला, अपघात.'

'हे कुठून घेतलंस?'

'आपल्याच संग्रहातून, सर. मथळा भारी आहे, वाघ-शेळीवाला.'

मी त्याला काही बोललो नाही. ती ओळ काढली, '२००९ : अपघात, विवाहबाह्य संबंध उघड' असं लिहिलं. मग '२०१०'समोर लिहिलं, 'पत्नीने मारहाण केल्याच्या अफवेचे वूड्सकडून जाहीर खंडन'. चौकट एका ओळीने वाढली. मुलगा म्हणाला, 'सर, बसत नाहीये.' मी त्याला फोटो लहान करायला सांगितलं.

संग्रहातल्या त्या जुन्या बातमीखाली टीप जोडावी म्हणून मी त्यानंतर दोनदा लेखी कळवलं. ती अजून तशीच आहे, माझ्या मथळ्यासकट.