सायबाच्या वाटेवर

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नोव्हेनासाठी (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांसाठी) पायी जाणाऱ्या आमच्या गटात प्रत्येकाचे काही ना काही मागणे असते. कुणाला नोकरी हवी असते, कुणाच्या मुलीचे लग्न जमायचे असते, कुणी बोललेला नवस फेडायला निघालेला असतो. मी या वेळी काहीही न मागता निघाले होते. धाकट्या भावाचे डायलिसिस चालू असताना याच वाटेने चालून मी त्याच्यासाठी नवस बोलले होते, आणि पावसाळा संपता संपता तो गेला. तेव्हापासून माळ जपताना प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या शब्दांपाशी माझा आवाज थांबतो. बाकीची प्रार्थना होते. तेवढे शब्द म्हणवत नाहीत.

पत्रादेवी ओलांडून गोव्यात शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. चौपदरीकरणात महामार्गाकडेची झाडे गेल्यामुळे टेकायलाही सावली उरलेली नाही. उजव्या टाचेचा फोड चप्पल घासून सुजला होता, मागून ट्रक कर्कश हॉर्न देत जात होते आणि पुढे ध्वनिक्षेपकावर जपमाळेतली दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या यातनांवरची प्रार्थना, चालू होती. सोबतच्या एका बाईंनी माझा उतरलेला चेहरा पाहून सांगितले, की देव आपल्या आवडत्या माणसांचीच परीक्षा घेतो. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला संताप आला. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही त्याला असेच शहाणपण ऐकवले होते, आणि अखेरीस देव रागावला तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. शोक करणाऱ्यापाशी देवाची वकिली करू नये, असे माझे ठाम मत आहे.

पेडण्याच्या अलीकडे मी गटाच्या बरीच मागे पडले. रस्त्यालगतच्या एका घरासमोर तुळशीवृंदावनाजवळ एक वयस्क बाई सुपारी वाळत घालत होत्या.

‘बाय, अशी लंगडत चालू नको, आत ये,’ त्या म्हणाल्या.

मी संकोचले, पण त्यांनी पायरीवर बसवलेच. कोमट पाण्याने पाय धुऊन पुसला. शिवणाच्या डब्यातून सुई काढून ती गॅसच्या ज्योतीवर धरली, तिच्यात पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढली. दोऱ्याची दोन्ही टोके बोटभर ठेवून कातरीने कापली. पाणी दोऱ्यावरून हळूहळू झिरपू लागले, तशी ठणक ओसरली.

‘सायबाकडे चाललीस?’

‘होय, मावशी.’

‘घरात कुणाचं दुखणं?’

‘भाऊ होता. गेला.’

त्यांचा हात माझ्या पावलावर तसाच राहिला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘दोरा ओढून काढू नको हां. आपोआप सुकेल.’ त्यांचे यजमान आषाढीला पायी पंढरपूरला जात, तेव्हा असे कितीतरी फोड त्यांनी फोडले होते. निघताना त्यांनी पिशवीत दोन केळी आणि दोरा ओवलेली ती सुई कागदात गुंडाळून दिली. देवाविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मला मात्र वाटेने चालताना पहिल्यांदाच रडू आले.

म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल कधी मागे पडले ते नीट आठवत नाही. पहाटे रायबंदरकडे जाणाऱ्या, १६३४ साली पुऱ्या झालेल्या बांधावरून चालताना मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. संत फ्रान्सिस झेवियर यांना चीनमध्ये जायचे होते. किनारा जवळ असताना, नेणाऱ्या होडीची वाट पाहत, ३ डिसेंबर १५५२ रोजी ते शांगच्वान बेटावर तापाने वारले. वय ४६. आम्ही ज्यांच्याकडे मागायला जातो त्यांचीच शेवटची इच्छा अपुरी राहिली होती. लहानपणापासून ही कथा ऐकत आले, पण तिच्यातले हे दुःख मला कधी दिसले नव्हते.

बॉम जेझू बासिलिकेत संतांचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी इतकी उंचावर आहे की खालून मान वर करूनच पाहावी लागते, आणि मागची रांग तेवढाही वेळ देत नाही. बाहेर मांडवात मिस्सा सुरू झाली. प्रभूची प्रार्थना जवळ आली तसा मला शुभवर्तमानातला तो बाप आठवला, जो येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला तूच साहाय्य कर. त्याचा मुलगा बरा झाला, माझा भाऊ झाला नाही. तरीही अर्धवट विश्वास घेऊन आलेल्या त्या माणसाला येशूने हाकलून दिले नाही, एवढे मला पुरेसे वाटले. मी ते शब्द म्हटले, मोठ्याने. मन हलके वगैरे झाले नाही. भाऊ का गेला हे मला अजून कळलेले नाही, आणि देवाला मी ते रोज विचारते.