विद्यापीठ मोठे, पण वर्ग केवढा?

माझी भाची बारावीत गेल्यापासून तिच्या एका वाक्यावरून आमच्या घरात वाद चालला होता : "मामा, मला मोठ्या विद्यापीठात जायचंय." ती गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या केरी गावची. प्राथमिक शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, उच्च माध्यमिक जवळच्या साखळी शहरात झाले. गावाबाहेरच्या जगाची हिला काय कल्पना, असे तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, वाटत असे. माझी शंका निराळी होती. 'मोठे' म्हणताना तिच्या मनात एक असावे आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात दुसरेच, आणि हा फरक जुलैनंतर, शुल्क भरून झाल्यावर तिच्या लक्षात येईल, अशी मला धास्ती होती.

या धास्तीला माझा स्वतःचा इतिहास आहे. १९८४ साली मी गोव्याबाहेरच्या एका मोठ्या विद्यापीठात एम.ए.साठी गेलो. गोवा विद्यापीठाचा कायदा त्याच वर्षीचा, पण विद्यापीठ प्रत्यक्षात सुरू झाले ते १९८५च्या जूनमध्ये. तोवर पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते आणि तिथे मला प्रवेश मिळाला असता. मला मात्र बाहेर जायचे होते. पहिल्या सत्रातच मला कावीळ झाली, तीन आठवडे मी खोलीत पडून होतो आणि परत वर्गात जाऊन बसलो तेव्हा मी नव्हतो हे कुणाच्या ध्यानातही आलेले नव्हते. शेजारी बसणाऱ्या मुलाने माझ्याकडे उसने दिलेले पुस्तक तेवढे परत मागितले. त्या दिवसापासून मोठ्या विद्यापीठाबद्दल माझे जे मत झाले, ते मी कधी पुन्हा तपासून पाहिले नव्हते.

भाचीला अर्थशास्त्र शिकायचे होते, एवढे नक्की होते. तिने जी यादी केली होती तिच्यात पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ आणि बनारस हिंदू विद्यापीठ अशी चार नावे होती. ती चारही एका ओळीत लिहिलेली पाहून माझ्या लक्षात आले की पहिली अडचण इथेच आहे, कारण ही चार नावे एका जातीची नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतले आवार सुमारे ४११ एकरांचे आहे, मुख्य इमारत पूर्वी गव्हर्नरचे पावसाळ्यातले निवासस्थान होती, जयकर ग्रंथालय तिथे आहे आणि हे सगळे पाहून कोणालाही तिथे शिकावेसे वाटेल, परंतु बी.ए. किंवा बी.एस्सी. करणारा बहुतेक विद्यार्थी त्या आवारात शिकतच नाही. तो शिकतो पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांत पसरलेल्या शेकडो संलग्न महाविद्यालयांपैकी एखाद्यात. १८५७ सालच्या मुंबई विद्यापीठाचेही तसेच, आणि ताळगावच्या पठारावरच्या आपल्या गोवा विद्यापीठाचेही बऱ्याच अंशी तसेच. पदवीच्या विद्यार्थ्यापुरते बोलायचे तर अशा विद्यापीठाचा मोठेपणा बव्हंशी गुणपत्रिकेच्या वरच्या ओळीत असतो. रोजचा दिवस महाविद्यालयात जातो, आणि ते लाखभर विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाशी संलग्न असूनही अगदी लहान असू शकते.

कित्येक ठिकाणी तर महाविद्यालय हे विद्यापीठापेक्षा वयानेही वडील असते. पुण्याचे फर्ग्युसन १८८५चे आणि पुणे विद्यापीठ १९४९चे. आपल्याकडे मिरामारचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२ साली सुरू झाली, गोवा विद्यापीठाच्या तब्बल तेवीस वर्षे आधी. महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षाही तेच ठरवते. मग 'विद्यापीठ कसे आहे?' या प्रश्नाला पदवीपुरता फारसा अर्थ उरत नाही.

बनारस आणि हैदराबाद यांची गोष्ट वेगळी. १९१६ साली स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठाचे आवार सुमारे १३०० एकरांचे आहे आणि तिथे पदवीचा विद्यार्थीही त्या आवारातच राहू-शिकू शकतो. १९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या विद्यापीठात बारावीनंतरचे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम आहेत. तिथला मोठेपणा खरोखर अंगावर येणारा असतो : वसतिगृहांच्या रांगा, देशभरातली मुले, एका विभागातून दुसऱ्या विभागात जायला सायकल. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामायिक परीक्षा आली आणि सत्तरीतल्या मुलीलाही ही दारे निदान कागदावर तरी उघडी झाली.

हे सगळे मी तिला ऐकवले. ती म्हणाली, "म्हणजे जाऊ नको म्हणतोस?" मी तसे म्हणत नव्हतो, निदान उघडपणे तरी नाही. मी तिला एक काम दिले : पसंतीक्रम बाजूला ठेव आणि तिथला तुझा एक साधा मंगळवार, उठल्यापासून झोपेपर्यंत, कागदावर लिहून काढ.

तिने दोन पाने लिहिली. जेवायला एकटीने बसावे लागू नये. वर्गात शंका विचारता यावी आणि विचारणारी कोण हे शिकवणाऱ्यांना ठाऊक असावे. ग्रंथालय रात्री उघडे असावे, कारण घरी तिला रात्रीच अभ्यास होतो. आणि शेवटी, बाकीच्या मजकुरापेक्षा जरा दाबून लिहिलेले : बसमध्ये कोणी "कोणाची गो तूं?" असे विचारू नये. हे वाचून मला हसू आले आणि मग बराच वेळ आले नाही. केरीहून साखळीला जाणाऱ्या कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये हा प्रश्न तिला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो, आणि उत्तर दिले की विचारणारी बाई तिच्या आजीच्या माहेरपर्यंत जाऊन पोहोचते. २०११च्या जनगणनेत सगळ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि एकट्या पुणे शहराची एकतीस लाखांवर. तिला हवे होते ते मोठे शहर, ज्यात हरवता येते, आणि लहान वर्ग, ज्यात हरवता येत नाही. विद्यापीठ केवढे, या एका मापात या दोन गोष्टी मावत नव्हत्या.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघे पुण्याला गेलो. आपल्याकडे तेव्हा शाळा-महाविद्यालये बंद असतात आणि पुण्यात चालू, त्यामुळे चालते वर्ग पाहण्यासाठी गोव्यातल्या मुलांना एवढा सोयीचा काळ दुसरा नाही. गणेशखिंडीचे आवार तिला पाहता क्षणी आवडले. वडाच्या सावलीत आम्ही तासभर बसलो. मात्र आमचे खरे काम दुसऱ्या दिवशी होते. शहरातल्या एका महाविद्यालयात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, आम्ही सकाळी गेलो आणि दुपारपर्यंत थांबलो. तिथली एक गोष्ट मात्र मी प्रत्येक पालकाला सांगेन : कार्यालयात माहिती विचारण्याआधी सूचना फलकावरचे वेळापत्रक वाचावे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम) आणि इतर विषयांची यादी लांबलचक असते, आणि मोठ्या ठिकाणी ती अधिकच लांब असते. पण ठरावीक संख्येने मुले मिळाली नाहीत तर विषय चालवला जात नाही, आणि दोन विषयांचे तास एकाच वेळी आले तर यादीत असूनही एक सोडावा लागतो. माहितीपत्रकात हे दिसत नाही. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने भाचीला हे दोन मिनिटांत समजावले आणि पुढची वीस मिनिटे खानावळीच्या भाजीबद्दल सांगितले, जे तितकेच उपयोगाचे होते.

मोठ्या ठिकाणाच्या बाजूने बोलणारा एक मुद्दा मला त्या भेटीतच नीट उमगला, आणि तो मान्य करायला मला थोडा वेळ लागला. चार वर्षांच्या पदवीत किमान १६० श्रेयांक (क्रेडिट) असतात, तिसऱ्या वर्षानंतर किमान १२० श्रेयांकांवर पदवी घेऊन बाहेर पडता येते, आणि चौथे वर्ष संशोधनासह करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. शिवाय त्या विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असायला हवेत. दोन-तीन शिक्षकांच्या लहान विभागात, ते शिक्षक कितीही जीव ओतून शिकवणारे असोत, हे जमतेच असे नाही. ज्या मुलीला आज फक्त बी.ए. दिसते आहे, तिला चौथ्या वर्षी काय हवेसे वाटेल हे आज कोण सांगणार? लहान वर्गाची ऊब मोजताना ही किंमतही मोजायला हवी.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. गोव्यात ज्या रहिवासी दाखल्यासाठी आपण मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, त्याला सीमेपलीकडे स्थानिक विद्यार्थ्याच्या जागेसाठी काही किंमत नाही. महाराष्ट्रात आपण परराज्यातले. गोव्याच्या ओबीसी दाखल्यावर महाराष्ट्राच्या राज्य आरक्षणातली जागा मिळत नाही आणि केंद्रीय विद्यापीठासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. गोवा शालान्त मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्रही वेळेत काढून ठेवावे.

वसतिगृहावर मात्र अधिक थांबले पाहिजे, कारण 'मोठे विद्यापीठ' म्हणताना घरच्यांच्या डोळ्यांसमोर वसतिगृह आपोआप उभे राहते आणि पुष्कळदा ते मिळत नाही. प्रवेश झाला म्हणजे खोली मिळाली असे नसते. तिचा अर्ज वेगळा, गुणवत्ता यादी वेगळी. यादीत नाव आले नाही तर कॉट बेसिसवर राहायचे, म्हणजे एका खोलीत तिघी-चौघी, मेसचा डबा आणि महाविद्यालयापर्यंत रोजचा बसप्रवास. मग ग्रंथालय रात्री कितीही वाजेपर्यंत उघडे असले तरी तिला काय त्याचे? तिच्या मंगळवारचा निम्मा भाग या एका गोष्टीवर अवलंबून होता. बहिणीला याची काळजी होतीच, आणि तिच्या काळजीत चतुर्थीही होती. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायला मुलगी घरी नाही, ही कल्पना तिला करवत नव्हती. चतुर्थीला आपल्याकडे महाविद्यालये काही दिवस बंद असतात. पुण्यात त्याच दिवसांत रस्ते मांडवांनी भरतात, पण म्हणून वर्ग आपल्याइतके दिवस बंद राहतील असे गृहीत धरता येत नाही.

माझे मत मी लपवले नाही. साखळीला किंवा पणजीला तीन वर्षे काढावीत, मग एम.ए.साठी हवे तेवढे मोठे विद्यापीठ गाठावे, कारण पदव्युत्तर पातळीवर विद्यार्थी खरोखरच विद्यापीठाच्या विभागात शिकतो आणि तिथे मोठेपणाचा पुरेपूर उपयोग होतो. हे मत मला अजूनही चुकीचे वाटत नाही. आधाराला मी तिला काविळीची गोष्टही सांगितली, बहुधा चौथ्यांदा.

तिने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, "मामा, तीन आठवडे तुला कोणी विचारलं नाही, पण तू कुणाला सांगितलं होतंस का?"

सांगितले नव्हते. विभागात एक शब्द कळवला नव्हता, शेजारच्या मुलालाही नाही. बाहेर जायचा हट्ट धरून गेलेला मी, परक्या ठिकाणी आजारी पडलो हे कळू द्यायची मला लाज वाटली होती. हा प्रश्न मला चाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

हैदराबाद आणि बनारस तिने स्वतःच वगळले. एवढे दूर तिला नकोच होते. मुंबईचे जागेच्या भाड्यावरून आम्ही सगळ्यांनी मिळून वगळले. पुण्यातल्या एका महाविद्यालयात तिने प्रवेश घेतला आहे. तुकडीत साठ मुले, अर्थशास्त्राच्या विभागात पीएचडीचे मार्गदर्शक आहेत, आणि केरीची ओळख सांगायची वेळ सहसा येऊ नये एवढे शहर मोठे आहे. वसतिगृहाची यादी अजून लागलेली नाही. तिच्यात नाव न आल्यास म्हणून पाहून ठेवलेल्या खोलीत दोन मुली आधीच राहतात, पैकी एक सावंतवाडीची, आणि तिने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला की केरी म्हणजे चोर्ला घाटाखालची ना, तिथे आमचे पाहुणे आहेत.