पेनार्ड: किल्ला उजवीकडे, चर्च डावीकडे

वेल्समध्ये गोल्फ खेळायला जाणार असाल तर गॉवर द्वीपकल्पावरचं पेनार्ड चुकवू नका. लंडनच्या पॅडिंग्टनहून स्वान्सीला थेट रेल्वे आहे, तिला साधारण तीन तास लागतात. तिथून हे मैदान असलेलं साउथगेट गाव सुमारे 13 किलोमीटर. बस जाते, पण सोबत गोल्फच्या काठ्यांची बॅग असेल तर टॅक्सीच सोयीची.

इथला गोल्फ क्लब 1896 चा. मैदान समुद्रकाठचं, तरी समुद्रसपाटीपासून जवळपास 60 मीटर उंचावर. त्यामुळे ब्रिस्टल खाडीवरचा वारा अंगावर येतो तो थेट. फेअरवेवर, म्हणजे ज्यावरून खेळत पुढे जायचं त्या आखूड गवताच्या पट्ट्यावर, सपाट जागा शोधूनच सापडते. बॉल मधोमध मारला तरी पुढचा फटका एक पाय वर, एक पाय खाली ठेवून मारायचा.

सगळ्यात जास्त वेळ मी रेंगाळलो तो सातव्या होलवर. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की उजवीकडे पेनार्डचा किल्ला, डावीकडे सेंट मेरी चर्चचा उरलेला भिंतीचा तुकडा आणि या दोन पडक्या वास्तूंच्या मधून खेळायचं. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पोचलं की खाली थ्री क्लिफ्स बे हा समुद्रकिनारा. किल्ला मुळात बाराव्या शतकातला, मातीच्या तटाचा; दगडी बांधकाम नंतरचं. वाऱ्याने वाळू इतकी आणली की किल्ला, चर्च आणि भोवतालची वस्ती लोकांना सोडून द्यावी लागली. किल्ल्याच्या धन्याने पऱ्यांचा अपमान केला म्हणून त्यांनी हे वादळ धाडलं, अशी तिथली दंतकथा. मला मात्र एक गोष्ट फार विलक्षण वाटली: ज्या वाळूने माणसं हुसकावली, तिच्यामुळेच इथलं गवत आखूड आणि घट्ट आहे. पाऊस पडला तरी पाणी झिरपून जातं, म्हणून हिवाळ्यातही छान खेळता येतं.

मार्चअखेरीस गेलात तर किल्ल्याच्या भिंतींच्या फटी जवळून बघा. येलो व्हिटलोग्रासची बोटभर उंचीची पिवळी फुलं दिसतील. ब्रिटनमध्ये ही वनस्पती रानात फक्त गॉवरच्या किनाऱ्यावर उगवते. फुलं तोडू नका आणि भिंतींवर चढू नका. दगड ठिसूळ झालेत.

टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, आधी ठरवून जा, विशेषतः उन्हाळ्यात. ट्रॉलीपेक्षा हलकी, खांद्यावरची बॅग घ्या, चढउतार दमवतात. काटेरी गॉर्सच्या झुडपात गेलेला बॉल शोधायच्या फंदात पडू नका, जास्तीचे बॉल ठेवा. मैदान सामायिक कुरणाच्या जमिनीवर आहे, त्यामुळे गाईगुरं आणि घोडी मोकळी चरत असतात. ती बाजूला होईपर्यंत थांबायचं.

न खेळणाऱ्यांनाही पायवाटेने किल्ल्यापर्यंत जाता येतं. साउथगेटला गाडी लावा आणि मैदान ओलांडताना कुणी फटका मारत नाही ना ते बघा. ‘फोर!’ अशी, बॉल येतोय हे बजावणारी आरोळी आली तर मान वर करून बघत बसू नका, डोकं झाकून खाली वाका.

किल्ल्यापासून खाली थ्री क्लिफ्स बेकडे वाळूची खडी उतरण आहे. उतरण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवा: भरतीत पेनार्ड पिल ओढ्यावरचे पाय ठेवायचे दगड बुडतात. पोहायचा मोह मात्र टाळा, तिथले आत ओढणारे प्रवाह धोक्याचे आहेत.